लाकूड कच्चं नाही

जत शहरात एखाद्या घराचं जुनं माळवद उतरवायचं ठरलं, की सल्ला देणाऱ्यांमध्ये मतभेद होत नाहीत. लाकूड वखारीला घाला, माती गावाबाहेर टाका, आलेल्या पैशांत जोत्याचं काम काढा आणि वर स्लॅब ओता. इंजिनिअर हेच सांगतो, ठेकेदार हेच सांगतो, पुण्याहून सुटीला आलेला पुतण्याही हेच सांगतो. परदेशांत लाकडी इमारती पुन्हा उभ्या राहत आहेत, त्यांचे सुटे भाग आधी कापून मग जागेवर जोडले जातात, कुटुंब वाढेल तसं घर वाढवता येतं, असं कुणी म्हणालंच तर त्यालाही उत्तर तयार असतं: ते जंगलांच्या, थंड हवेच्या, श्रीमंत देशांचं काम; जतसारख्या दुष्काळी तालुक्यानं त्या नादाला लागू नये. वर किल्लारीच्या भूकंपाची आठवण करून दिली जाते, आणि तिथं चर्चा संपते.

या मताच्या विरोधात मला लिहायचं आहे. सुट्या भागांचं, वाढवता येणारं, उतरवून दुसरीकडे उभं करता येणारं लाकडी घर जतला बाहेरून आणायची गरज नाही. जत जे पाडत आहे, ते तेच आहे. त्यात दोष आहेत, आणि ते मी पुढे मांडणार आहे. पण दोष दुरुस्त करण्याऐवजी अख्खी पद्धतच मोडीत काढायची, आणि तिच्या जागी या तालुक्याला सगळ्यात कमी परवडणारी पद्धत आणायची, याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

माळवद जतच्या माणसाला समजावून सांगायला नको. तरी वाद नीट करायचा तर त्याचा सांगाडा डोळ्यांपुढे हवा. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा राहतो. खांबाच्या डोक्याचं कुसू तुळईत बसतं. तुळयांवर कड्या पडतात, कड्यांवर फळ्या किंवा आखूड लाकडांची दाट भरण, तिच्यावर पाल्याचा थर, आणि सगळ्यांच्या वर पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घराचा आकार खणांत सांगायची रीत आहे: तीन खणी, पाच खणी, सात खणी. उमदी, संख, माडग्याळ, बिळूर या गावांत जुन्या माणसांकडून हा हिशेब अजून ऐकायला मिळतो.

खणाचं अंतर झाडानं ठरवलेलं आहे. बाभूळ आणि कडुनिंब ही इथली लाकडं. लांब सरळसोट ओंडका देणारी ती नव्हेत. सागवान आणणं ज्याच्या ऐपतीत होतं त्यानं ते आणलं, बाकीच्यांनी बांधावरचं तोडलं. आखूड लाकडाला पेलेल एवढं अंतर ठेवायचं आणि मोठं घर हवं असेल तर तेच अंतर पुन्हा मांडायचं, या साध्या शहाणपणातून एक माप तयार झालं, आणि त्या मापाभोवती सुतारकीची सगळी भाषा तयार झाली. खांब केवढा, तुळई केवढी, एका खणाला कड्या किती, हे सुताराला तोंडपाठ होतं. आज ज्याला मोठ्या कौतुकानं मॉड्युलर म्हणतात, त्यात मूळ कल्पना याहून वेगळी नाही.

नीट बांधलेल्या खणाच्या घरात छताचं ओझं खांब वाहतात. भिंत फक्त आडोसा असते. त्यामुळे ती काढता येते, सरकवता येते, तिच्यात नवं दार पाडता येतं. पुढचे दोन खण दुकानाला, मागचे तीन राहायला. थोरल्याचं लग्न झालं की एक खण बंद करून त्याची खोली. वाटणी झाली की खण मोजून भाग पाडायचे. पडकं घर उतरवलं तर खांब-तुळया गाडीत भरून दुसऱ्या जागेवर उभ्या करायच्या. वखारीतल्या जुन्या लाकडावर आधीच्या घराच्या खाचा असतात, आणि त्या तशाच ठेवून गिऱ्हाईक ते लाकूड घेतं. पाडलेल्या स्लॅबमधून सळई काढून भंगारात घालता येते. उरलेला राडारोडा ओढ्यात पडतो.

काँक्रीटच्या घराला लवचीकपणाची गरजच नाही, असं त्याचे पाठीराखेही म्हणत नाहीत. जतच्या कुठल्याही गल्लीत मान वर करून पाहा. जवळजवळ प्रत्येक नव्या घराच्या गच्चीवर खांबांतून निघालेल्या सळयांचे झुपके उभे आहेत. वरचा मजला पुढे चढवायचा, पोरगं कमावतं झालं की चढवायचा, म्हणून त्या राखून ठेवलेल्या. दहा-दहा वर्षं त्या ऊन-पाऊस खातात, गंजतात, गंज खांबात उतरतो. वाढणारं घर बांधण्याची इच्छा जतच्या माणसाच्या मनात आजही तेवढीच जिवंत आहे. ती पुरी करण्यासाठी त्याच्या हातात दिलेलं साहित्य मात्र एकदा ओतलं की बदलत नाही.

मग एवढ्या उपयोगाची पद्धत लोक का सोडतात? एक कारण असं, की सरकारनं तिला कागदावर गरिबीची खूण ठरवलं. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत घराच्या भिंतीचं साहित्य नोंदवायचा रकाना होता. त्यात लाकूड कच्च्यात आणि पत्रा पक्क्यात होता. छतासाठीही तेच: लाकूड-माती कच्ची, पत्रा पक्का. मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, यातलं राहण्याजोगं कोणतं. पण याच जनगणनेच्या आधारावर २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण याद्या बनल्या, आणि एका पिढीच्या मनात पक्कं बसलं की लाकडी माळवदात राहणं म्हणजे मागे राहणं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण मात्र आपल्या व्याख्येत लाकूड पक्क्या साहित्यात धरतं. म्हणजे एकाच देशाच्या दोन सरकारी मोजण्या या बाबतीत एकमेकींशी जुळत नाहीत, आणि नुकसान करणारी मोजणी तेवढी घरकुलांच्या यादीपर्यंत पोचली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं आपल्या कामांत लाकूड वापरण्यावर १९९३ मध्ये घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. ती बातमी आमच्याकडच्या किती अभियंत्यांपर्यंत पोचली असेल, याची मला शंका आहे.

आता किल्लारी. या वादातला हा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. घरं दगड-मातीची होती, वर माळवद होतं, आणि झोपलेल्या माणसांवर ती कोसळली. महाराष्ट्रानं त्या दिवशी जे पाहिलं त्यानंतर कुणी माळवदाला घाबरलं तर त्याला दोष देता येणार नाही. माझा आक्षेप त्या भीतीतून काढलेल्या निष्कर्षावर आहे.

कोसळलं काय, हे त्या वेळच्या पाहण्यांत नोंदलेलं आहे. भिंती कोसळल्या. दोन-अडीच फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड अशा त्या भिंती प्रत्यक्षात दोन वेगळ्या पदरांच्या होत्या: बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये चिखल आणि खडी. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. कोपऱ्यात एक भिंत दुसरीत नीट गुंतवलेली नाही. जमीन हलली तसा बाहेरचा पदर बाहेर गेला, आतला आत आला. छतावर वर्षानुवर्षं थरावर थर देऊन माती इतकी चढली होती की काही घरांवर ती दोन फुटांच्या वर होती. आणि याच पाहण्यांत हेही नोंदलेलं आहे की ज्या घरांत छताखाली पूर्ण लाकडी सांगाडा होता, तिथं अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्या. दगडांच्या ढिगात उभा राहिलेला तो सांगाडा लाकडाच्या बाजूनं साक्ष देत होता. आपण ती नोंदवून घेतली आणि विसरलो.

जी घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, त्यांच्यासाठी तज्ज्ञांनी सांगितलेले उपायही त्याच दिशेचे होते. भिंतीत आरपार जोड घाला, छतावरची जास्तीची माती उतरवा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे लाकडी टेकू द्या. शेवटचा उपाय किती साधा आहे पाहा. खणाच्या चौकटीची खरी कमजोरी हीच, की ती उभं ओझं उत्तम पेलते पण आडव्या धक्क्याला तिचे सांधे फिरतात. दोन हात लांबीचा तिरका तुकडा दोन्ही बाजूंना बोल्टनं आवळला की चौकट ताठ होते. हे काम गावचा सुतार एका दिवसात करू शकतो.

मातीच्या वजनाचाही हिशेब मांडू. एक फूट जाडीची माती दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात जाते. पाच इंची काँक्रीट स्लॅब सुमारे तीनशे किलो. माती चार इंचांवर आणली तर वजन पावणेदोनशे किलोच्या आत येतं, म्हणजे स्लॅबच्या निम्म्याच्या आसपास. भूकंपात घरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात असतो. मग जास्त हलकं आणि सांध्यांत थोडं झुकून धक्का पचवणारं छत धोकादायक, आणि जास्त जड छत आपोआप सुरक्षित, हे कशावरून?

स्लॅब आपोआप सुरक्षित नसतो, हे कळायला फार लांब जावं लागत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. त्यानंतर काँक्रीट सोडून द्या असं कुणी म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं. सळईची बांधणी सुधारा, तळमजला मोकळा ठेवू नका, नियम पाळा, तपासणी करा, असं सांगितलं गेलं. काँक्रीट पडलं तर बांधणाऱ्याला दोष द्यायचा आणि माळवद पडलं तर साहित्याला, हा दुटप्पीपणा गेली तीस वर्षं चालला आहे. जतमध्ये आज उभी राहणारी किती दुमजली घरं कुणा जबाबदार अभियंत्यानं आखलेल्या सळईच्या नकाशावर बांधली जातात? पन्नाशीच्या सुताराला न विचारता विशीतल्या सेंटरिंगवाल्याच्या अंदाजावर खांबाची सळई ठरते, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दुसऱ्या मुद्द्यावर तर जतनं सगळ्या महाराष्ट्राच्या आधी बोलायला हवं होतं. तो पाण्याचा. हा तालुका म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी किती वर्षं झगडला, पूर्व भागातली गावं पाण्यापायी कर्नाटकात जायची भाषा करण्यापर्यंत कशी आली, हे सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात टँकर मोजून येतो. आणि बांधकामाचा हंगाम उन्हाळ्याचाच, कारण तेव्हाच शेतात काम नसतं.

पंचवीस चौरस मीटरचं, म्हणजे घरकुलाएवढं छत घ्या. पाच इंची स्लॅबला तीन घनमीटरांच्या वर काँक्रीट लागतं. ते कालवायला साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी. खरी तहान त्यानंतरची. भारतीय मानक ४५६ सांगतं, की काँक्रीट किमान सात दिवस ओलं ठेवा आणि कोरड्या उष्ण हवेत दहा दिवस. मिश्र सिमेंट असेल, आणि हल्ली बहुतेक पोती त्याचीच असतात, तर उष्ण हवेत चौदा दिवस. स्लॅबवर आळी करून एक इंच पाणी उभं करायला सव्वासहाशे लिटर. मे महिन्यात रोज एक सेंटिमीटर पाणी उडतं असं धरलं तर दिवसाला अडीचशे लिटर नुसतं आटतं. चौदा दिवसांचे साडेतीन हजार. एकट्या स्लॅबपायी साडेचार हजार लिटरहून जास्त, आणि खांब, विटांची भिंत, गिलावा हे सगळं त्याच्या वर. हे पाणी प्यायच्या टँकरमधून येतं, नाहीतर येतच नाही. आणि येत नाही तेव्हा स्लॅबवर चार दिवस गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ बादली मारली जाते. वरून पक्का दिसणारा तो स्लॅब आतून कधीच पूर्ण ताकदीला पोचत नाही. बोअरचं खारं पाणी वापरलं तर त्यातला क्षार सळईला खातो, आणि पंधरा-वीस वर्षांत खालचे पोपडे पडू लागतात. चिखलालाही पाणी लागतं, हे खरं. पण ते एकदाच लागतं, आणि लाकडाचा सांगाडा उभा करायला तर एक तांब्याही लागत नाही.

सिमेंट बनवताना चुनखडी सुमारे चौदाशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, हा मुद्दाही आहे. कोरड्या लाकडाच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो, आणि घर उभं आहे तोवर तो हवेत जात नाही. पण मला जतच्या माणसाला जगाच्या हवामानाचं ओझं उचलायला सांगायचं नाही. त्याच्या टँकरचा आणि त्याच्या ओढ्यातल्या वाळूचा हिशेब पुरेसा आहे. वाळू उपसली की विहिरीत पाणी उतरत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

यावर एक सवाल नेहमी येतो: जतमध्ये लाकूड आहे कुठं? झाडं तोडायला सांगता? मला हा सवाल आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. माझा ढोबळ हिशेब असा: पंचवीस चौरस मीटरच्या सांगाड्याला खांब, तुळया, कड्या आणि फळ्या धरून सव्वादोन ते अडीच घनमीटर लाकूड लागतं. बाभळीच्या वेड्यावाकड्या बुंध्यातून कामाचं लाकूड कमी निघतं हे धरलं तरी ही बारा ते पंधरा झाडं झाली. पंधरा-वीस वर्षांची बाभूळ वापराजोगी होते. एका कुटुंबाला आपल्या बांधावर पंधरा बाभळी लावून, एक पिढी थांबून, पुढच्या पिढीचं घर मिळतं. आणि ते घर एकदाच वापरायचं नसतं. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा अठराव्या शतकातला. त्याच्या खांब-तुळया अजून ओझं वाहत आहेत. मुख्य म्हणजे जतमध्ये लाकूड आज आहे, आणि ते माळवदांत आहे. दरवर्षी ते वखारीतून बाहेर जातं, कुणाच्या हॉटेलची कमान होतं, कुणाचं फर्निचर. तालुक्यात लाकूड नाही म्हणायचं आणि असलेलं किलोवर विकायचं, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. बांबूचंही बोललं पाहिजे. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून तो वगळला गेला, कुडाळला त्याच्या बांधकामावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. जतच्या कमी पावसात तो सगळीकडे येणार नाही, पण जिथं म्हैसाळचं पाणी पोचलं तिथं बांधावर येईल, आणि कड्यांवरच्या भरणीला तो फळीपेक्षा स्वस्त पडेल.

वाळवीचा प्रश्न खरा आहे. तळखडा जमिनीच्या वर उचललेला असेल, खांबाचं बूड भिंतीच्या ओल्या मातीत गाडलेलं नसेल, आणि लाकूड आधी बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेलं असेल, तर वाळवी सांगाड्याला सहजासहजी खात नाही. बाभळीचं लाकूड महिनोन् महिने पाण्यात बुडवून ठेवून मग वापरायची जुनी रीत त्यासाठीच होती. आज पाण्याची ती चैन नाही, म्हणून औषध.

मात्र एका आक्षेपाला मी उत्तर देण्याआधी मान तुकवतो. माळवदाची निगा बायकांनी राखली आहे. पावसाळ्याआधी पांढरी माती आणून वर टाकायची, ती चोपायची, पावसात गळलं की भांडी मांडत रात्र काढायची, भिंती सारवायच्या, भिंतीच्या सांदीतले विंचू मारायचे. एखादी बाई स्लॅबच हवा म्हणते तेव्हा तिला परंपरेचं महत्त्व पटवायचा अधिकार तिच्या घरातल्या कुठल्याही पुरुषाला नाही, मलाही नाही. ती मागते ते वाजवी आहे: न गळणारं छत, साफ करता येणारी जमीन, भेगा नसलेली भिंत. माझं म्हणणं एवढंच, की यातल्या एकाही गोष्टीसाठी सांगाडा काँक्रीटचा असावा लागत नाही. कड्यांवर फळी, फळीवर पाणी अडवणारा पडदा, त्यावर चार इंच चुनामिश्रित माती आणि वर फरशी किंवा चुन्याचा कोबा. भिंत विटांची घ्या, पोकळ ठोकळ्यांची घ्या, खांबाला पट्टीनं बांधा. दरवर्षी माती चढवायची नाही. म्हणजे छत जडही होत जाणार नाही आणि बाईचं ते कामही सुटेल.

आगीचं म्हणाल, तर शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला हे सगळ्यांना माहीत आहे. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत हळूहळू आत जळतं, आणि किती वेळात किती जळेल हे मोजता येतं. म्हणूनच नॉर्वेतली मियोस्टॉर्नेट ही अठरा मजली, पंचाऐंशी मीटर उंचीची इमारत २०१९ मध्ये लाकडाच्या सांगाड्यावर उभी राहू शकली. जतला अठरा मजले नकोत. तळमजला आणि त्यावर एक, यात पुढच्या पन्नास वर्षांचं जत मावतं. स्वयंपाकघराच्या कड्या-फळ्यांना चुन्याचा गिलावा आणि वायरिंग नळीतून, एवढं पथ्य पाळलं तरी घरगुती आगीची बहुतेक भीती जाते.

इथं मला माझ्याच बाजूच्या काही लोकांशीही भांडायचं आहे. मॉड्युलर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातून ट्रकवर आलेली तयार खोली येते. ती क्रेननं उचलून ठेवायची. टोकियोत किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये अशी एक जगप्रसिद्ध इमारत उभी केली, नाकागिन कॅप्सूल टॉवर, १४० डब्यांची. दर पंचवीस वर्षांनी जुना डबा काढून नवा बसवायचा, ही कल्पना. एकही डबा कधी बदलला गेला नाही, आणि २०२२ मध्ये सगळी इमारत उतरवावी लागली. अख्खी खोली हा फार मोठा भाग आहे. तो हलवायला यंत्र लागतं, पैसा लागतो, सगळ्या शेजाऱ्यांची संमती लागते. खणाचा भाग म्हणजे एक कडी. ती दोन माणसं उचलतात, आणि किडली तर तेवढीच बदलतात. परदेशी पाइनच्या चिकटवलेल्या जाड फळ्या आणून जतमध्ये नमुन्याचं घर उभं करणं मला मान्य नाही. त्यानं फोटो चांगले येतील, पण तो सांधा खोलायला इथं कुणाला येणार नाही.

कायदा आड येतो का? फारसा नाही. डिसेंबर २०२० ची राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली नगरपरिषदांना लागू आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड आणि बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. लाकडी बांधकामाच्या आखणीचं मानक आहे, कमी ताकदीच्या दगडी भिंती भूकंपाला कशा टिकवायच्या त्याचंही मानक किल्लारीच्याच वर्षी आलं. केंद्राच्या ग्रामविकास खात्यानं स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने ‘पहल’ नावानं छापूनही काढले. अनुदान देणारी यंत्रणा मनात आणलं तर काय करू शकते, याचं उदाहरण शेजारच्या देशात आहे. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरच्या भूकंपात लाकडी चौकटीत दगड-माती भरलेली धज्जी पद्धतीची घरं इतरांपेक्षा बरी टिकली. पाकिस्तानच्या पुनर्वसन प्राधिकरणानं ती पाहून त्या पद्धतीला अनुदानास मान्यता दिली आणि हजारो कुटुंबांनी तशी घरं बांधली. तिथल्या लोकांची भीती किल्लारीच्या लोकांपेक्षा कमी नव्हती.

जतची नगरपरिषद २०१२ मध्ये झाली. तिच्याकडे मला तीन गोष्टी मागायच्या आहेत, आणि तिन्ही तिच्या आवाक्यातल्या आहेत. पहिली, माळवद उतरवायची परवानगी देताना त्यातल्या लाकडाची नोंद व्हावी आणि मालकानं तेच लाकूड नव्या घरात वापरलं तर बांधकाम शुल्कात सूट मिळावी. दुसरी, तिरपे टेकू, पट्ट्या आणि हलकं छत दाखवणारा खणाच्या घराचा एक प्रमाण नकाशा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून तपासून घेऊन कचेरीत ठेवावा, म्हणजे प्रत्येक गरिबाला स्वतंत्र अभियंता शोधावा लागणार नाही. त्या नकाशासाठी सुतारांना आधी बोलवावं, आकडेमोड करणाऱ्यांना नंतर.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण सगळं तिच्यापाशी अडतं. घरकुलाचे हप्ते जोतं, छज्जा आणि छत या टप्प्यांवर फोटो काढून मिळतात. विटा-काँक्रीटच्या घराचा तोच क्रम असतो. सांगाड्याच्या घरात मात्र जोत्यानंतर थेट खांब, तुळया आणि छत येतं, आणि भिंती सावलीत, सवडीनं, पैसा येईल तशा भरल्या जातात. आजच्या नियमात अशा घराला छज्ज्याचा फोटो देता येत नाही, म्हणून डोक्यावर पुरं छत असूनही त्याचा हप्ता अडकतो. या एका रकान्यात ‘छज्जा पातळी’च्या शेजारी ‘किंवा सांगाडा पूर्ण’ एवढे शब्द घालायला हवेत. नगरपरिषदेनं तसा ठराव करून तो जिल्ह्याकडे आणि राज्याकडे पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा.